प्रौढांचे अंकगणित



या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी आमच्यासाठी विषय सुचविला होता, ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’. आम्ही उलट टपाली कळविले की, चळवळीपुढील प्रश्नांपैकी एक भागाकाराचा आहे आणि दुसरा शेकडेवारीचा आहे. तेवढ्यावर बोललो तर चालेल काय? त्यांनी चालेल म्हणून कळविले. तेव्हा आज आपणांपुढे जे मांडावयाचे आहे ते सगळे पाचवी-सहावीच्या पुस्तकातले आहे. ज्यांना त्याहून वरचे ऐकावयाचे असेल त्यांनी उद्याच्या विद्वान वक्त्यांची वाट पाहावी.

आमच्या युनियनच्या कचेरीत गेली चौदा वर्षे दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा एक वर्ग भरतो. तो साक्षरता वर्ग नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. तेथे बसणारी मंडळी लिहितात, वाचतात, अर्ज करतात, वेळप्रसंगी भाषणही ठोकतात. ती सगळी कॉलेजात नाव घातलेली मंडळी आहेत. १९८९ साली आपल्या नाशकात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांना पदवीची वाट मोकळी झाली. कोणी तेथे नाव घातले, कोणी रात्रीच्या कॉलेजात. कोणी लेथवर काम करतो, कोणी क्रेन चालवतो, एक बाई अंगणवाडीत आहेत, दोघीजणी रुग्णालयात आया आहेत. वय तिशीपासून पन्नाशीपर्यंत. बी. ए. किंवा बी. कॉम.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत. इतिहास वाचतात, समाजशास्त्र वाचतात, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘दर साल दर शेकडा’ हे शब्द आले की पान उलटतात.

कॉलेज म्हणते, हे शाळेचे काम आहे. शाळा मागे राहून वीस-तीस वर्षे झाली. प्राध्यापक मंडळी मनाने चांगली असतात, पण त्यांना अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. असा हा मनुष्य दोन दारांच्या मध्ये उभा राहतो.

तुम्ही विचाराल, युनियनच्या माणसाला या उठाठेवी कशाला? त्याचे उत्तर देताना आम्हांस आमचीच एक चूक सांगावी लागते. सांगू नये असे पुष्कळ वर्षे वाटत असे. आता पंचावन्नी उलटली, आता सांगावयास हरकत नाही.

१९८२ च्या १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. वडील साचेखात्यात होते. जून उजाडला तेव्हा घरात वह्यापुस्तकांना पैसा नव्हता, आणि पुढच्या वर्षी आम्ही मामाकडे नाशकास येऊन सातपूरच्या एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागलो. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वाचनाचा नाद लागला. रद्दीवाल्याकडून, वाचनालयातून मिळेल ते वाचले. पण मनुष्य एकटा शिकतो तेव्हा आवडीचे शिकतो. आम्ही कायदा वाचला, चरित्रे वाचली, रशिया-चीनचे इतिहास वाचले. गणिताच्या वाटेस गेलो नाही.

पुढे चळवळीत आलो. २००१-०२ च्या मंदीत एका कारखान्यात मालकाने एक वर्षासाठी पगारात वीस टक्के कपात मागितली. कारखाना बंद पडण्यापेक्षा बरे म्हणून आम्ही ती मान्य केली. वर्षाने माल उठू लागला. आम्ही वाटाघाटीस बसलो आणि भांडून वीस टक्के वाढ मिळविली. तीन वर्षांचा करार झाला, सह्या झाल्या. संध्याकाळी गेटसभा घेऊन आम्ही गर्जना केली, “कापले होते तेवढे सगळे परत आणले!” एकशे चाळीस माणसांनी टाळ्या वाजविल्या. गुलालही उधळला.

सभा संपल्यावर कँटीनमधले एक वयस्क गृहस्थ जवळ आले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा शाळेत गेलेले नव्हते. सही शिकले होते तेवढीच. ते हळूच म्हणाले, “भाऊ, सगळे कुठे आले? दोनशे कमी आहेत.”

आम्ही म्हणालो, “मामा, वीस गेले, वीस आले. बरोबर झाले की.”

मामा म्हणाले, “तसं नव्हे. पगार होता पाच हजार. त्याचा पाचवा वाटा गेला, म्हणजे हजार. उरले चार. आता चाराचा पाचवा वाटा आला, तो आठशेच. मोठ्या राशीतला वाटा गेला आणि लहान राशीतला आला.”

मामांनी तरुणपणी दुसऱ्याची जमीन वाट्याने केली होती. खळ्यावर रास मोजून वाटा घेणाऱ्या माणसाला वाटा कशाचा हे आधी विचारण्याची सवय असते. आम्हांस ती नव्हती. दरमहा दरडोई दोनशे, छत्तीस महिन्यांचे सात हजार दोनशे, एकशे चाळीस माणसांचे मिळून दहा लाख आठ हजार रुपये आमच्या सहीने गेले. दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो, तर तेथे शांतपणे सांगण्यात आले की करार तो करार. त्यांचे बरोबरच होते. चार हजारांवर पंचवीस टक्के मागावयास हवे होते, हे वाटाघाटीच्या टेबलाभोवती बसलेल्या आम्हां पाच पुढाऱ्यांपैकी एकालाही सुचले नव्हते, आणि पाचांपैकी दोघे पदवीधर होते.

त्या रात्री आम्ही सहावीतल्या भाच्याचे गणिताचे पुस्तक मागून घेतले. भाच्याला वाटले मामा आपला अभ्यास तपासतो आहे. आम्ही त्याचा तो समज तसाच ठेवला.

वर्ग मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी निघाला, आणि तो निघाला तेव्हा आमची कल्पना अशी होती की, या मंडळींना गणित येत नाही, ते आपण शिकवावयाचे. ही कल्पना दुसऱ्याच रविवारी मोडली. ती कशी मोडली ते थोडे सविस्तर सांगतो.

एक टर्नर होते, बेचाळीस वर्षांचे, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्यांना फळ्यावर तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश ही बेरीज दिली. त्यांनी वरचे वर मिळविले, खालचे खाली मिळविले आणि उत्तर लिहिले चार द्वादशांश. अपूर्णांक विसरलेला दर दुसरा मनुष्य असेच करतो, त्यात नवल नाही. आम्ही काही न बोलता विचारले, “तीन सूत आणि दोन सूत मिळून किती?” ते हसले. म्हणाले, “पाच सूत. हे काय विचारणे झाले?”

आपणांपैकी ज्यांचा कारखान्याशी किंवा सुतारकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच. तेव्हा तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश आणि दोन सूत म्हणजेच एक चतुर्थांश. फळ्यावरची बेरीज तीच होती. या माणसाने ती आयुष्यात हजार वेळा केली होती आणि एकदाही चुकला नव्हता. चुकला असता तर जॉब रद्द झाला असता. आम्ही त्यांना म्हटले, “तुमचे फळ्यावरचे उत्तर चार द्वादशांश, म्हणजे एक तृतीयांश. ते तीन सुतांपेक्षाही कमी भरते. तीन सुतांत दोन मिळवून तीनहून कमी कसे होईल?” ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग जे बोलले ते आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, “भाऊ, ते आमचे कामातले. हे गणितातले.”

हा मनुष्य आठ तास मायक्रोमीटर हातात धरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक त्याच्या बोटाला कळतो. आणि प्रवेशाच्या वेळी त्याने आम्हांस सांगितले होते की दशांश अपूर्णांक आपल्याला कधीच समजले नाहीत!

ही गोष्ट आपल्याच देशातली आहे असे समजू नका. ब्राझील देशातील रेसीफे शहरात तेरेझिन्हा कॅरहर, डेव्हिड कॅरहर आणि आनालूसिया श्लीमान या तीन अभ्यासकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा हिशेब तपासला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून मुलांना भाव विचारला तेव्हा शंभरात ९८ उत्तरे बरोबर आली. त्याच मुलांना तीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा शंभरात ३७ बरोबर आली. एका नारळवाल्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली होती. एक नारळ पस्तीसला. त्याने दहाने गुणून पुढे शून्य मांडले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, आणखी तिनांचे तीनशे पंधरा, त्यात एकाचे पस्तीस, म्हणजे साडेतीनशे, असे तो पायरीपायरीने चढला. या प्रयोगात मुले पाचच होती, त्यावरून जगाचा नियम बांधू नये हे खरे. पण आम्ही तो वृत्तान्त वाचला तेव्हा आमच्या टर्नरचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

तेव्हा आमचे काम बदलले. गणित आणून देणे हे काम नव्हे. जे आहे ते कागदावर कसे येते हे दाखविणे हे काम. याला वेळ कमी लागतो असे मात्र नाही. माणसाला आपल्याच डोक्यातल्या हिशेबाचा भरवसा नसतो. बोटांवर केलेला, मनात केलेला हिशेब त्याला अडाणी वाटतो. आमच्या अंगणवाडीच्या बाईंना आम्ही विचारले, दूध छप्पन रुपये लिटर, दीड लिटरचे किती? त्या ताबडतोब म्हणाल्या, “छप्पन आणि अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी.” कागदावर छप्पन गुणिले एक दशांश पाच करावयास सांगितले, तर गुणाकार सगळा बरोबर करून दशांशचिन्ह विसरल्या आणि उत्तर आले आठशे चाळीस. आम्ही म्हणालो, “बाई, रोजच्या रतिबाला आठशे चाळीस रुपये मोजाल?” त्या म्हणाल्या, “मी कशाला मोजीन? पण उत्तर तेच येतंय ना.”

तोंडी चौऱ्याऐंशी आणि लेखी आठशे चाळीस या दोन्हींवर एकाच वेळी विश्वास ठेवण्याची ही जी सवय आहे, ती शाळेने लावलेली आहे असे आमचे मत आहे. पटत नसेल तर आपण सोडून द्या.

आमच्या वडिलांच्या पिढीची गोष्ट निराळी होती. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ होती. औटकीसुद्धा, औट म्हणजे साडेतीन, हेही आता कित्येकांना सांगावे लागते. सतरा दीडे म्हटले की साडेपंचवीस हे त्यांच्या तोंडून आपसूक निघे. रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे होते, तोवर या पाढ्यांना बाजारात रोजचे काम होते. १९५७ च्या १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि हे पाढे शाळेतून ओसरत गेले. पंचवीस पैशांना आपण पुढेही कित्येक वर्षे चार आणेच म्हणत होतो ती गोष्ट वेगळी.

हे सांगितले की काही वडीलधारे माना डोलावतात आणि म्हणतात, बघा, जुने तेच खरे! त्यांना आमचे नम्र सांगणे असे की, ती जुनी शाळा सगळ्यांची नव्हती. आमच्या वडिलांनी पावकी-निमकी शाळेत शिकली नाही. गावच्या वाण्याच्या दुकानी तागडीशेजारी उभे राहून कानाने टिपली. पंतोजींच्या ओसरीवर कोणाला बसू देत आणि कोणाला अंगणातूनच वाटेस लावीत, हे या सभेत सांगावयास नको. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती उगीच नव्हे. तेव्हा पाढे परत आणा असे आमचे म्हणणे नाही. दीड म्हणजे एक आणि त्याचा अर्धा, ही जी त्या पाढ्यांतली समज होती, ती घरोघरी अजून शिल्लक आहे. अंगणवाडीच्या बाईंकडे ती होतीच. ती वापरावी एवढेच.

दुसरी एक अडचण आपल्या भाषेतली आहे. तिच्याबद्दल बोलले की लोक रागावतात, पण बोलतो. मराठीत आपण ‘छत्तीस’ म्हणतो तेव्हा सहा आधी उच्चारतो आणि तीस मागून. लिहिताना मात्र तीन आधी आणि सहा मागून. लहानपणी हे अंगवळणी पडले तर काहीच वाटत नाही. ज्याची शाळा मध्येच तुटली त्याला मात्र पंचेचाळीस आणि चोपन्न यांत, त्रेसष्ट आणि छत्तीस यांत क्षणभर थांबावे लागते. ‘एकोणऐंशी’ म्हटले की ऐंशी ऐकू येते आणि हात आठ लिहून जातो. खरा आकडा ७९. म्हणूनच आमचे विद्यार्थी मोबाईलचा नंबर सांगताना एकेक अंक, तोही इंग्रजीत सांगतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असेही वाचावे, असे आले तेव्हा केवढी थट्टा झाली, आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. २०२३ साली त्या गेल्या. त्या वेळी आम्हीही हसलो होतो. मग रविवारी वर्गात एक आयाबाई ‘बहात्तर’ ऐकून २७ लिहिताना पाहिल्या आणि हसू थांबले. आम्ही ‘बहात्तर’ सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण फळ्यावर लिहिताना आधी ‘सत्तर आणि दोन’ म्हणतो.

आता एका कटू प्रसंगाबद्दल. वर्गाच्या तिसऱ्या वर्षी एक नुकताच पदवीधर झालेला तरुण हौसेने शिकवावयास आला. मुलगा हुशार, मनाने निर्मळ. एके दिवशी सत्तेचाळीस वर्षांच्या एका क्रेनचालकाने फळ्यावर ६१२ भागिले ६ केले आणि उत्तर लिहिले १२. मधले शून्य गळले. ही चूक इतकी सर्रास होते की आम्ही तिच्याकडे पाहुण्यासारखे पाहतो. पण तरुण म्हणाला, “अहो काका, हे तर चौथीतले पोरसुद्धा करील!” वर्गात दोघेतिघे हसले. क्रेनचालक रागावला नाही. त्याने खडू नीट जागेवर ठेवला, वही पिशवीत घातली, घरी पाहुणे यावयाचे आहेत म्हणाला आणि गेला. तो पुन्हा आला नाही. त्या वर्षी तो परीक्षेसही बसला नाही. पुढे कारखान्याच्या फाटकावर आम्हांस कैकदा भेटला. वर्गाची चौकशी करी, कोण पास झाले ते विचारी. येतो म्हणे.

चौथीतल्या पोराला चूक झाली तर लाज वाटत नाही, कारण चुकणे हा त्याचा धंदाच आहे. सत्तेचाळीस वर्षांचा मनुष्य घरात बाप असतो, कामावर दहा जण त्याच्या शब्दाने हलतात. तो रविवारी सकाळी फळ्यापुढे उभा राहतो तेव्हा हे सगळे दाराबाहेर ठेवून आलेला असतो. त्याला ‘सोपे आहे’ असे म्हणणे हासुद्धा अपमान आहे. कारण सोपे असूनही त्याला आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या वर्गात तेव्हापासून ‘सोपे’ हा शब्द बंद आहे. तो तरुण अजून आमच्याकडे शिकवतो, आणि आमच्यापेक्षा चांगला शिकवतो. त्या ६१२ च्या भागाकारासाठी त्याने पुढे नवी रीत काढली: सहाशे बारा रुपये सहा जणांत वाटा म्हणतो, आणि वाटण्याआधी प्रत्येकाला अंदाजे किती येतील ते आधी तोंडाने सांगा म्हणतो. शंभराच्या सहा नोटा पाहिल्यावर कोणीही बारा म्हणत नाही.

हा आधी अंदाज सांगण्याचा नियम आम्ही सगळ्याच गणितांना लावला आहे. उत्तर काढण्यापूर्वी मोघम बोलावयाचे, मग मांडावयाचे, मग दोहोंची भेट घालावयाची. अंदाज आणि उत्तर भांडू लागले तर कोणाचे खरे, हे वर्गाने ठरवावयाचे. मास्तरांनी मध्ये पडावयाचे नाही. कधी कधी अर्धा तास जातो. जाऊ द्यावा.

खरी गंमत शेकडेवारीला येते, कारण तेथे पैसा येतो. ‘टक्का’ हा शब्द ऐकून जे घाबरतात त्यांना ‘शेकडा’ हा शब्द ओळखीचा असतो. शेकडा बारा म्हणजे शंभरातले बारा. पगारचिठ्ठीवर भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के असतात. पंधरा हजारांत शंभर किती वेळा? दीडशे वेळा. दर वेळी बारा. बारा दीडे अठरा, म्हणजे अठराशे. येथे दीडकी अचानक उपयोगी पडते. मालकाच्या बारातले ८.३३ पेन्शनकडे जातात आणि ३.६७ निधीत पडतात. बोनसच्या कायद्यानेही किमान बोनस ८.३३ टक्के ठरविला. एकाने विचारले, आठ नाही, नऊ नाही, हे ८.३३ कोठून काढले? आम्ही म्हणालो, बाराने गुणून पाहा. आले ९९.९६. मग वर्गातूनच कोणी ओरडले, “म्हणजे बारावा भाग! म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार!” ती मंडळी वीस वर्षे बोनस घेत होती.

बचत गटाच्या सचिव असलेल्या एका बाईंचे म्हणणे होते की, बँक बारा टक्के घेते, आमचा गट दोनच घेतो, म्हणून गट स्वस्त. दोन महिन्याला आणि बारा वर्षाला, हे जेव्हा त्यांनी स्वतः मांडले तेव्हा चोवीस आले. त्या काही बोलल्या नाहीत. गटाचे व्याज गटातल्या बायकांतच राहते, तेव्हा गट वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण सचिवांना आकडा ठाऊक असावा.

एकाने मेहुण्याचा ग्रॅच्युइटीचा हिशेब आणला. शेवटचा पगार १८,२००, नोकरी बावीस वर्षे. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे १९७२ च्या कायद्यापासून सगळ्यांना माहीत आहे. कंत्राटदाराच्या कारकुनाने पगाराला तिसाने भागले होते, म्हणजे पंधरा दिवसांचे ९,१००. कायदा म्हणतो, भागावयाचे सव्वीसाने, कारण चार रविवार कामाचे नव्हेत. सव्वीसाने भागले की रोज सातशे, पंधरा दिवसांचे १०,५००. वर्षामागे चौदाशेचा फरक, बावीस वर्षांचा ३०,८००. हा हिशेब आम्ही नव्हे, त्या विद्यार्थ्याने केला, पत्रही त्यानेच लिहिले, आणि पैसे मिळाले. कारकून लबाड नव्हता. महिन्याचे दिवस तीस, असे तो प्रामाणिकपणे समजत होता.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तो क्षणात भागाकार करतो. करतो खरा. पण तिसाने भागा की सव्वीसाने, हे तो विचारत नाही. दोन्हींची उत्तरे सारख्याच खात्रीने देतो. आमचे वीस टक्केही त्याने बिनबोभाट मिळवून दिले असते.

२०२० सालचा आणखी एक प्रसंग सांगतो. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर चालतो त्याचे आधारवर्ष त्या वर्षी २००१ बदलून २०१६ झाले. ऑगस्टचा आकडा होता ३३८, सप्टेंबरचा आला ११८.१. फाटकांवर एकच कल्लोळ झाला की सरकारने महागाईच पुसून टाकली, भत्ता गेला! फोनवर फोन आले. त्या दिवसांत साथीमुळे वर्ग बंद होता. आमच्या वर्गातून गेलेल्या एका वेल्डरने आपल्या फाटकावर खडूने भिंतीवर लिहून दाखविले की, जोडगुणक २.८८ आहे, ११८ ला त्याने गुणा, ३४० च्या घरात येते, म्हणजे आकडा उतरला, महागाई नव्हे. आम्ही तेथे पोचेपर्यंत सभा पांगली होती. भिंतीवर गणित तेवढे होते, आणि त्याखाली कोणीतरी ताळा करून पाहिलेला होता, निराळ्या अक्षरात.

तो वेल्डर त्या वर्षी बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला होता. पास झाला, पण सांख्यिकीत काठावर. त्याला आम्ही विचारले, भिंतीवर एवढे नीट केलेस आणि परीक्षेत असे का? तो म्हणाला, “भाऊ, भिंतीवर लोकांना समजवायचं होतं. पेपरात कोण वाचतं?” त्यास काय उत्तर द्यावे ते आम्हांस अजून सुचलेले नाही.

आता थोडे मागावयाचे आहे. या सभेत निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशेब ठेवणाऱ्या भगिनी पुष्कळ दिसतात. आमच्याकडे सध्या सव्वीस विद्यार्थी आणि शिकविणारे तिघे आहेत. एका टेबलाशी चौघांपेक्षा अधिक बसले की जो गप्प बसतो तो गप्पच राहतो, असा अनुभव आहे. सव्वीसाला चाराने भागून किती माणसे लागतात ते आपण काढालच. बाकी दोन उरतात त्यांचे काय करावयाचे हेही आपणच सुचवा. महिन्यातला एक रविवार दिला तरी पुरे. गणित फार येण्याची गरज नाही. वर्गात समोरचा मनुष्य चुकला की “असे कसे केलेत, ते सांगा” म्हणावयाचे आणि मग ऐकावयाचे, एवढे जमले पाहिजे. कचेरीचा पत्ता चालक मंडळींकडे ठेवला आहे. जिना थोडा अंधारा आहे, तेव्हा पहिल्या दिवशी नऊच्या आधी या, कोणीतरी खाली उभे असेल.